जांभळ्या शाईतली करंगळी

प्रिय मास्तर,

‘प्रिय’ लिहिलं, पुसलं आणि परत लिहिलं. दुसरा शब्द सापडला नाही म्हणून राहू दिलाय. त्याचा जास्त अर्थ काढू नका.

आज रविवार. तुमची तेरवी परवा झाली. सकाळी काकूंचा फोन आला, तुझं सामान समोरच्या खोलीत पडून आहे, येऊन घेऊन जा. म्हणून आलो. तुमच्या टायपिंगच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसलोय. समोर तो कीबोर्ड आहे आणि शेजारी पेचकस. एकेक पट्टी खोलायची, स्विच काढून डबीत भरायचे, पत्रा उरल्याच्या आमच्या कारखान्यातल्या भंगारात फेकायचा, असं घरून ठरवूनच निघालो होतो. पेचकस हातात घेतलाही. मग वाटलं, याचे तुकडे करायच्या आधी तुम्हाला जे बोलायचं होतं ते याच्यावरच टाइप करावं.

तुम्ही मला फसवलंत, मास्तर. सात महिने, दर रविवारी, सरळ चेहऱ्यानं फसवलंत. आणि मी जाब विचारायला यायच्या आत निघून गेलात. ही कोणती रीत झाली?

बोटं नीट पडत नाहीत माझी. उजव्या करंगळीची कळ माझ्या करंगळीच्या मानानं फार खाली आहे, फार जवळ आहे. ‘चहा’ लिहायला गेलो की ‘जहा’ उमटतं. दर वेळी मागे जाऊन दुरुस्त करतोय. पत्र संपायला वेळ लागणार, आणि त्याचा रागही तुमच्यावरच.

मी कॉलेज सोडलं तेव्हा प्रत्येकानं मला काही ना काही सुनावलं. तिसऱ्या वर्षाला होतो, इलेक्ट्रॉनिक्सला. विभागप्रमुखांशी वाजलं, प्रॅक्टिकलची फाइल त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. बाबा रेल्वेच्या कारखान्यातून यायचे, जेवायचे आणि माझ्याकडे न पाहता आडवे व्हायचे. आई लोकांना सांगायची, मयूर सध्या घरीच आहे. मला कावीळ झाल्यासारखं सांगायची. तुम्ही गणपती मंडळातले बाबांचे जुने दोस्त. मला वाटलं, आता डाखोरे मास्तर येतील आणि तासभर समजावतील. तुम्ही आलात, चहा प्यालात आणि जाताना म्हणालात, क्लासमधले चार कीबोर्ड बिघडलेत, बघतो का.

पहिला कीबोर्ड खोलला तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होतात. जुन्या टायपरायटरला प्रत्येक कळीखाली लोखंडी दांडी असायची आणि ती शेजारच्या दांडीत अडकू नये म्हणून कळा अशा तिरप्या बसवायचे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही त्या प्लास्टिकच्या रिकाम्या पोटात डावं बोट फिरवलंत.

“दांड्या तर गेल्या ना रे,” तुम्ही म्हणालात. “मग ह्या कळा अजून तिरप्या काहून बसून राहिल्या?”

कॉलेजच्या अडीच वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी घरी गेलो, जेवलो नाही, कागद काढला. तिथून आपला कीबोर्ड सुरू झाला.

‘आपला’ म्हणायचो मी त्याला! दोन तुकडे, एकेका हाताला एकेक, म्हणजे खांदे आखडत नाहीत. कळांच्या आडव्या ओळी काढून टाकल्या आणि बोटागणिक उभी पट्टी केली. दर पट्टी दोन स्क्रूंवर, ढिले करा आणि वरखाली सरकवा, कारण कोणाचं मधलं बोट लांब, कोणाची अनामिका. अंगठा बिचारा आयुष्यभर एकच लांब कळ बडवत असतो, त्याला तीन कळांचा वेगळा तुकडा दिला, चुंबकावर बसणारा. सगळं सुटं, सगळं बदलता येण्याजोगं. तुम्ही म्हणायचात, शिंपी जसा माप घेतो तसा हा कीबोर्ड मापानं शिवायचा.

पण माप कोणाचं? तोवर कोणाचंच नव्हतं. मग रेवती आली.

ती बुधवारी यायची. नवा रायपूरच्या कुठल्याशा कार्यालयात ऑपरेटर, विभागाच्या परीक्षेसाठी वेग वाढवायला तुमच्याकडे. तुम्ही मराठीत बोलायचात आणि ती सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायची, आमच्या वयाचे इथले सगळे करतात तसं. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. दिवसभर टाइप करून तिथे ठणका लागायचा म्हणे. मी कोपऱ्यात कीबोर्ड दुरुस्त करत होतो तेव्हा तिनं एकदा विचारलं, “भैया, ये वाला ठीक हो गया क्या?” बस. एवढंच. ‘भैया’ मी मनावर घेतलं नाही. इथं ऑटोवाल्यालाही भैया म्हणतात.

मला तेवढं पुरलं, मास्तर. मी तसाच आहे. तुम्हाला ते माहीत होतं, आणि मला सगळ्यात जास्त डाचतं ते तेच. तुम्हाला माहीत होतं.

तुमच्याकडे नाव घालायला येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही पंजे तुम्ही शिक्क्याच्या जांभळ्या शाईत दाबून फॉर्मच्या मागे उमटवून घ्यायचात. कोणतं बोट आखूड, कोणतं आळशी, ते ठशावरून पाहून ज्याला त्याला तसा धडा. रायपूरात दुसरा कोणी टायपिंगवाला असं करत नसेल. पुरानी बस्तीच्या गल्लीतून जांभळे हात घेऊन चाललेली पोरगी दिसली की लोक ओळखायचे, मास्साबकडे नाव घातलं वाटतं.

मी तुम्हाला म्हटलं, रेवतीचा ठसा पाहिजे. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. कशाला, असं विचारलं नाहीत. पुढच्या रविवारी कागद दिलात. वरचा, नावाचा भाग कापलेला. वाळवी लागली होती म्हणालात. तुमच्या कपाटाला वाळवी होतीच, मी कशाला शंका घेऊ?

तो ठसा मी कॉम्प्युटरवर घेतला आणि त्याच्यावर पट्ट्या बसवायला लागलो. हात लहानसा. बोटं बारीक. उजव्या हाताची करंगळी आत वळलेली, पहिल्या पेरावर किंचित बसलेली, आणि तिची शाई बाकीच्या बोटांपेक्षा फिकट. जणू ते बोट कागदाला नुसतं टेकलं होतं. मला वाटलं, किती नाजूक! मास्तर, त्या फिकट करंगळीवरून मी काय काय विचार केले ते लिहिण्यासारखं नाही.

तिचा हात मी कधी हातात घेतला नव्हता. माप चुकलंय हे मला कळणार कसं?

मग नमुने. पहिला पुठ्ठ्याचा, दुसरा लाकडी पाटाचा. ती बुधवारी हात ठेवून बघेल, तू मात्र थांबू नको, पोरगी अवघडते, असं तुम्हीच म्हणालात. तोवर मी उरल्याच्या कारखान्यात लागलो होतो, बुधवारी माझी दुसरी पाळी असायची, त्यामुळे मला ते सोयीचंच वाटलं. आणि रविवारी मी आलो की तुम्ही डोळे मिटून, एकेक आठवत सांगायचात आणि मी लिहून घ्यायचो. तुम्ही स्वतः का लिहून ठेवत नाही, हेही मी विचारलं नाही. उजवा हात तुमचा नेहमी सदऱ्याच्या खिशात. ऐट वाटायची मला ती.

करंगळीची पट्टी अजून एक रेघ खाली घे. तिथली स्प्रिंग हलकी पाहिजे, दाबताना जीव जातो म्हणाली. अंगठ्याचा तुकडा आत सरकव. अनामिकेची मधली कळ ठीक आहे, वरची लांब पडते. आणि एका रविवारी तुम्ही म्हणालात, “ती म्हणते, आता हात टेबलावर ठेवल्यासारखा वाटत नाही. मांडीवर ठेवल्यासारखा वाटतो.”

ते वाक्य लिहून घेतलेली चिठ्ठी मी पाकिटात ठेवली होती. कामावर डबा खाताना काढून वाचायचो. मला आयुष्यात कोणत्याही पोरीनं इतकं सुंदर काही म्हटलं नव्हतं. आता कळतंय, तेव्हाही म्हटलं नव्हतं.

मी काम मात्र जीव ओतून केलं, हे तुम्हीही नाकारणार नाही. डाव्या तुकड्याचे सगळे डायोड मी उलटे लावले होते, आठवतं? एकही कळ उमटेना. मी तापलेली सोल्डरची कांडी या टेबलावर फेकली. डाग अजून आहे, तुम्ही त्याच्यावर शाईचा पॅड ठेवायचात म्हणजे काकूंना दिसू नये. तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, उलटे लागले तर सुलटे कर, त्यात एवढं काय. आणि समोर बसून राहिलात, मी सगळे काढून परत लावेपर्यंत. कॉलेजात असतो तर त्याच क्षणी सोडून निघालो असतो.

आणि तो पत्रा! मी ज्या कारखान्यात लेझरनं पत्रे कापतो तिथं मोठ्या शीटमधून उरलेला दीड मिलिमीटरचा तुकडा सुपरवायझरकडून मागून घेतला. चौदा मिलिमीटरची चौकोनी भोकं, एकेक. पहिल्या वेळी भोकं केसभर मोठी झाली, स्विच डुगडुगायला लागले. दुसऱ्या वेळी सगळे ‘टक’ करून बसले. तो आवाज ऐकायला तुम्ही स्वतः एकेक स्विच दाबून बसवलात, डाव्या हाताच्या अंगठ्यानं. मी म्हटलं, दोन्ही हातांनी लवकर होईल. तुम्ही म्हणालात, घाई कोणाला आहे.

त्यातल्याच एका रविवारी तुमच्या टेबलावर पेढ्यांचा डबा होता. ओळखीतल्या एका घरी कार्यक्रम होता, म्हणालात. मी दोन घेतले. तुम्ही मला ते दोन पेढे खाताना पाहत होतात. तुम्हाला ते कसं जमलं हो?

कीबोर्ड पुरा झाला तेव्हा मी तुम्हालाही न सांगता पाळी बदलून बुधवारी आलो. तुम्हालाही चकित करायचं होतं ना! तुम्ही घरी नव्हतात, डॉक्टरकडे गेलेत असं काकू आतून म्हणाल्या. रेवती एकटी धडा टाइप करत बसली होती. मी तिचा कीबोर्ड बाजूला केला आणि हा समोर ठेवला. बोलायचं खूप पाठ करून आलो होतो. म्हटलं इतकंच, तुमच्या हातासाठी आहे.

तिनं हात ठेवले. लांब, सावळे, ऐसपैस हात. तिची बोटं पट्ट्यांच्या वरून बाहेर आली. उजवी करंगळी तर कळीवरून पार पुढे जाऊन टेबलाला टेकली. मोठ्या माणसानं शाळेच्या बाकावर बसावं तसं ते दिसत होतं. ती हसली नाही. तिनं नीट, खालून वरून तो पाहिला आणि खरोखर कुतूहलानं विचारलं, “ये किसके हाथ का है?”

मी म्हटलं, तुमच्याच. तुम्हीच तर दर बुधवारी मास्तरांना सांगत होता. ती गोंधळली. तिला कशाचाच पत्ता नव्हता. ना ठशाचा, ना पुठ्ठ्याचा, ना मांडीवरच्या हाताचा. माझ्या चेहऱ्याकडे पाहता पाहता मात्र तिला दुसरी गोष्ट समजली. तिनं हात हळूच मागे घेतले.

“मेरी तो सगाई हो गई है, भैया. दिवाली के बाद शादी है. मास्साब आए थे ना, उन्होंने बताया नहीं?”

त्या वेळी मात्र तो ‘भैया’ मी मनावर घेतला.

रेवतीवर माझा राग नाही. अजूनही बुधवार आला की मला कसंतरी होतं, ते माझं मी बघीन. ती बिचारी एवढंच म्हणाली, काम बहुत बढ़िया है, सच में. मी कीबोर्ड तिथंच टाकून निघालो. बस स्टॉपवर उभा राहून तुम्हाला मेसेज केला. तुमच्याकडे अजून असेल: ‘तुम्ही मला उल्लू बनवलं. मला आता तोंड दाखवू नका.’

निळ्या खुणा लगेच आल्या. मग तुमच्या नावाखाली ‘टायपिंग’ असं दिसायला लागलं. दिसत राहिलं. माझी बस आली, गेली, दुसरी आली, तरी ‘टायपिंग’. मी म्हटलं, लिहा, लिहा, काय सफाई द्यायची ती द्या. मग ते गेलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, लिहायला काही उरलं नसेल तर कोण काय लिहिणार?

पुढच्या अकरा दिवसांत तुम्ही तीनदा फोन केलात. तिसऱ्या वेळी मी फोन हातात घेऊन तुमचं नाव विझेपर्यंत पाहत बसलो. उचलला नाही. बाराव्या दिवशी सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, मास्तर गेले रे.

तोंड दाखवू नका म्हटलं होतं. माझं एवढंच ऐकायचं होतं का तुम्हाला?

त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. मी दाराशीच थांबलो होतो. काकूंनी मला हाक मारली. तुमच्या उजव्या हातात तांब्याची अंगठी होती, ती निघत नव्हती. काकू म्हणाल्या, “तुझे हात बारीक कामाचे आहे बाबू, तूच काढ.” मी खाली बसलो. चादरीतून तुमचा उजवा हात बाहेर घेतला. किती वर्षं ओळखत होतो तुम्हाला, पण तो हात इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहत होतो.

करंगळी आत वळलेली. पहिल्या पेरावर किंचित बसलेली.

मला दुसरं काही पाहायची गरज नव्हती. सात महिने मी तो कोन स्क्रीनवर पाहिला होता. झोपेतसुद्धा काढून दाखवला असता. बाजूला कोणी रडत होतं, कोणी गाडी आली का विचारत होतं, आणि मी तुमचा हात धरून बसलो होतो आणि मला इतका राग आला होता की लोकांना वाटलं मी रडतोय. एका काकांनी पाठीवर हात ठेवला. मी त्यांना काय सांगणार होतो? की मी याच हाताच्या प्रेमात पडलो होतो?

मघाशी काकूंनी चहा आणून ठेवला तेव्हा मी त्यांना तुमच्या बोटांबद्दल विचारलं. त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि सांगत गेल्या. दोन वर्षांआधी तुम्हाला हलका झटका आला, पाय सावरला, उजव्या हाताची दोन बोटं लुळी पडली ती पडलीच. कोणाला सांगायचं नाही, अशी तुम्ही शपथ घातली होती त्यांना. टायपिंगच्या मास्तरचीच बोटं चालत नाहीत म्हटल्यावर कोण पोरी धाडणार? तेव्हापासून हात खिशात. फळ्यावर लिहायला एखाद्या पोरीला उठवायचं, धडा तोंडी सांगायचा.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. “मी बोलली होती ना. म्हटलं, मयूरले सांगा, तो देईन बनवून. तर म्हणे, माझ्यासाठी सांगितलं तर पोट्टा दोन हप्त्यात सोडून देईन. पोरीसाठी करून राहिला, करू दे. एक तरी काम त्याच्या हातानं पुरं होऊ दे.”

हे तुम्ही माझ्याबद्दल बोललात, मास्तर? माझ्या पाठीमागे, स्वतःच्या बायकोपाशी?

मला एकदा विचारून तर पाहायचं होतं! एकदा खिशातून हात काढून या टेबलावर ठेवायचा होता आणि म्हणायचं होतं, हे असं झालंय रे, काही करता येईल का? बाकी जगानं मला अर्धवट म्हटलं त्याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही म्हटलं नव्हतं, म्हणून तर मी दर रविवारी यायचो. आणि तुम्हीही तेच धरून चालला होतात. सगळ्यांसारखे. फक्त तुम्ही त्याचा उपयोग करून घेतलात.

खरं सांगू? मघापासून मी स्वतःला विचारतोय, तुम्ही सांगितलं असतंत तर मी पुरा केला असता का? उलट्या डायोडांपर्यंत तरी टिकलो असतो का? टिकलो असतो, असं छाती ठोकून लिहिणार होतो. लिहिलं आणि पुसलं. माहीत नाही. पण माहीत करून घ्यायची संधी माझी होती, तुमची नाही. ती तुम्ही काढून घेतलीत.

काकू आत गेल्यावर तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली पाहिल्या. रेवतीनं हा कीबोर्ड तुमच्यापाशी ठेवला होता, म्हणून मला वाटलं, या अकरा दिवसांत माझ्यासाठी काही लिहून ठेवलं असेल. एक फाइल सापडली. मी निघून गेलो त्या बुधवारपासून सुरू, रोजची तारीख टाकलेली. वाचायला लागलो. च च च च. ट ट ट ट. ज आणि ड. सगळी उजव्या करंगळीची अक्षरं. पहिल्या दिवशी अर्धं पान, त्यात अर्धी अक्षरं भलतीच. चौथ्या दिवशी ‘चटई चटई चटई’. आठव्या दिवशी पूर्ण पान, तीन चुका. शेवटच्या दिवशी दोन पानं, बाजाराची यादी, गल्लीतल्या लोकांची नावं, जे सुचेल ते, आणि एकही चूक नाही.

मी सगळं दोनदा वाचलं. माझं नाव कुठंच नाही. माफी नाही. गल्लीतल्या दुधवाल्याचं नाव आहे, माझं नाही! दोन पानं बिनचूक टाइप करणाऱ्या माणसाला एक ओळ जड होती का?

तेव्हा परत पेचकस उचलला. करंगळीच्या पट्टीचा एक स्क्रू काढलाही. मग म्हटलं, जायच्या आधी एकदा तिचा खरा ठसा तरी पाहून घेऊ. तुमचं कपाट उघडलं. रेवतीचा फॉर्म जागेवर होता, अख्खा, वाळवीचं एक भोक नाही. लांब लांब बोटं. मी तो पाहिला आणि होता तिथं ठेवून दिला.

त्याच्याखाली सुतळीनं बांधलेला एक वेगळा गठ्ठा होता. वर तुमच्या जुन्या, सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘परत पाठवले’. सात-आठच फॉर्म. एका बाईच्या हाताची बोटं जळून एकमेकांना चिकटलेली. एका पोराचा उजवा पंजा जन्मापासून मिटलेला. एक बीरगावचा, टिकेश्वर नावाचा, रोलिंग मिलमधला, कारकुनाच्या परीक्षेला बसायचं होतं त्याला. डाव्या हाताच्या ठशात अंगठा, तर्जनी आणि करंगळी. मधे नुसता पांढरा कागद. ज्यांना तुम्ही शिकवू शकला नाहीत ते सगळे तुम्ही ठेवून दिले होते. यंत्र अख्ख्या हातासाठी बनलंय, असं तुम्ही कधीतरी म्हणाला होतात. मी तेव्हा डायोड मोजत होतो, लक्ष दिलं नाही.

गठ्ठ्यात सगळ्यात वर एक कापलेली पट्टी होती. फॉर्मचा वरचा भाग. कडा माझ्याकडच्या ठशाला लावून पाहायची गरज नव्हती, तरी पाहिली. जुळली. डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं नाव. तुमचं.

तुम्ही स्वतःलाच परत पाठवलं होतंत, मास्तर?

मी तो स्क्रू शोधून परत बसवला. टेबलाखाली गेला होता, सापडायला वेळ लागला.

तर ऐका. हा कीबोर्ड मी खोलणार नाही. करंगळीची पट्टी जिथं आहे तिथंच राहील, कोणाला लांब पडो की जवळ. तो याच टेबलावर ठेवून चाललोय, काकूंना सांगितलंय. पण तुम्हाला मी माफही केलेलं नाही. पेढ्यांचं तर मुळीच नाही.

तो गठ्ठा मात्र मी घेऊन चाललोय. उद्या पहिली पाळी आहे. सुटली की तसाच बीरगावला जाईन. फॉर्मवर घर नंबर नाही, नुसता पारा, म्हणजे मोहल्ला, लिहिलाय. विचारत विचारत जाईन. टिकेश्वरभैया सापडला आणि त्याला अजून टायपिंग शिकायचं असलं, तर त्याच्या हाताला जेवढ्या पट्ट्या लागतील तेवढ्याच बनवीन, नसलेल्या दोन बोटांचं काम अंगठ्याकडे देईन. दोन हप्त्यात सोडतो की पुरं करतो, ते या वेळी कळेल. मलाही कळू द्या.

तुमचा शाईचा पॅड सोबत घेतलाय. डाग आता उघडा पडलाय, काकूंना दिसेल, दिसू दे. वचन एवढंच देतो: यापुढे ज्याच्यासाठी बनवायचं त्याच्यासमोर बसून, त्यालाच विचारून बनवीन. ठसा त्याच्याच हाताचा घेईन. आणि वरचं नाव कापणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेला,
मयूर